प्लेनर हेडफोनविषयीच्या आपल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या ओपन-बॅक प्लेनर मॅग्नेटिक हेडफोनबद्दल आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. गायकाचा आवाज मधोमध न राहता डावीकडे सरकतो, दोन महिन्यांच्या वापरानंतर उजव्या बाजूला खर्जाच्या सुरांवर खरखर येऊ लागली, हेडफोन डोक्यावर चढवताना कागद चुरगळल्यासारखा आवाज होतो आणि एकंदर ध्वनी आपल्या जुन्या, कितीतरी स्वस्त क्लोज्ड-बॅक (मागून बंद) हेडफोनपेक्षा पातळ वाटतो, अशा आपल्या मुख्य तक्रारी आहेत. त्यावरून ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणत, उच्च श्रेणीच्या हेडफोनांचा व्यवसायच मुळात फसवा आहे, असा निष्कर्ष आपण काढला आहे. अभिप्राय जाहीर आहे आणि खरेदीच्या विचारात असलेले इतर ग्राहकही तो वाचत आहेत, म्हणून उत्तरही जाहीरपणेच देत आहे.

खरखरीचा विषय प्रथम घेतो, कारण त्याबाबत आपल्यात मतभेद नाही. आपण परत पाठवलेला नग आमच्या कार्यशाळेत तपासला असता उजव्या ड्रायव्हरमध्ये (ध्वनी निर्माण करणाऱ्या भागात) ४० ते ७० हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे खोल खर्जात, खरखर स्पष्ट ऐकू आली. प्लेनर ड्रायव्हरमध्ये चुंबकांच्या ओळींलगत अतिशय पातळ फिल्म ताणून बसवलेली असते आणि तिच्यावर विद्युतवाहक पट्ट्या असतात. या फिल्मचा ताण एखाद्या कडेला सैल झाला, पट्टीचा काही भाग फिल्मपासून सुटला किंवा एखादा केस वा कण आत शिरून तिला टेकला, तर दोष प्रथम खालच्या सुरांवर जाणवतो, कारण फिल्मची हालचाल तेथेच सर्वाधिक असते. केस किंवा कण आढळला नाही. कडेचा ताण सैल झालेला आढळला. हा निर्मितीतील दोष आहे, वापरणाऱ्याच्या हाताळणीचा नव्हे, आणि तो पूर्णपणे वॉरंटीत बसतो.

आमच्या प्रतिनिधीने ‘आलेख व्यवस्थित आहे’ असे सांगितल्याचा आपल्याला राग आला आहे. आलेख खरोखरच व्यवस्थित आहे. परंतु वारंवारतेचा आलेख कोणता सूर किती मोठा वाजतो एवढेच दाखवतो आणि खरखर त्याच्या नजरेतून सहज सुटते. त्यासाठी २० ते २०० हर्ट्झपर्यंतचा शुद्ध सूर सावकाश चढवत नेऊन विकृतीचे (मूळ सुरात नसलेल्या भेसळीचे) मोजमाप स्वतंत्रपणे घ्यावे लागते आणि ते झाल्यावरही शांत खोलीत कानाने ऐकावे लागते. आपला नग पाठवण्यापूर्वी घेतलेल्या याच चाचणीची नोंद आमच्याकडे आहे आणि तीत दोष दिसत नाही, म्हणजे तो नंतर उद्भवला. त्यामुळे आपला त्रास कमी होत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ‘तपासणी न करताच माल पाठवला’ हे आपले विधान मात्र वस्तुस्थितीला धरून नाही.

डावीकडे सरकणाऱ्या आवाजाचे कारण हेडफोनमध्ये नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच अभिप्रायात आहे. आपण लिहिता की, कपांना जोडलेली केबलची डावी-उजवी टोके अदलाबदल केली की आवाज उजवीकडे जातो, म्हणून केबलही सदोष असली पाहिजे. दोष ड्रायव्हरमध्ये किंवा आपल्या कानांच्या संवेदनशीलतेत असता, तर टोके बदलूनही आवाज डावीकडेच राहिला असता. तो बाजू बदलतो, याचा अर्थ फरक हेडफोनच्या आधीच कुठेतरी निर्माण होत आहे. केबलच्या दोन्ही तारांचा रोध आम्ही मोजला. तो जवळजवळ समान आहे. दोन ड्रायव्हरांमधील फरक १०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आत आहे. दोन कानांतील साधारण एका डेसिबलचा फरकही आवाजाची जागा हलवायला पुरतो, हे लक्षात घेता आपल्याला जे ऐकू येते ते भास नाही. फक्त त्याचा उगम वेगळा आहे.

तो उगम बहुधा आपल्या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूम नॉबमध्ये आहे. ‘रात्री हळू आवाजात ऐकताना हा प्रकार अधिक जाणवतो’ या आपल्या वाक्यामुळे माझा संशय बळावला. साध्या नॉबखाली डाव्या व उजव्या अशा दोन चॅनलसाठी दोन स्वतंत्र रोधपट्ट्या एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात. फिरण्याच्या मधल्या टप्प्यात त्या एकमेकींशी चांगल्या जुळतात, पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यात त्यांच्यात काही डेसिबलची तफावत पडणे ही त्या रचनेची जुनी आणि सर्वश्रुत मर्यादा आहे. ॲम्प्लिफायर जास्त गेनवर (आवाज अधिक पटीने वाढवणाऱ्या स्थितीवर) असेल आणि हेडफोन थोड्या विद्युतशक्तीतही पुरेसा मोठा वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला नॉब नेमका त्याच वाईट टप्प्यात ठेवावा लागतो. (महागडा ॲम्प्लिफायर घेतला म्हणजे ही अडचण सुटते असेही नाही, टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या रिले किंवा डिजिटल नियंत्रणाच्या स्वस्त उपकरणात ती नसते आणि देखण्या धातूच्या नॉबखाली ती असू शकते.) कृपया गेन कमी करावा, संगणकावरील किंवा फोनवरील आवाज १५ ते २० डेसिबलने उतरवावा, नॉब निम्म्यापर्यंत न्यावा आणि दोन्ही बाजूंना एकसारखाच ध्वनी असलेले मोनो ध्वनिमुद्रण ऐकावे. आवाज मध्यभागी आला, तर नवीन हेडफोन घेऊनही जी तक्रार सुटली नसती ती काहीही खर्च न करता सुटेल.

हेडफोन चढवताना येणारा चुरगळल्यासारखा आवाज हा कानगादी घट्ट बसताना आत अडकलेल्या हवेने फिल्म ढकलली जाण्याचा परिणाम आहे. अनेक प्लेनर हेडफोनमध्ये तो येतो आणि एरवी निरुपद्रवी असतो, तथापि कप जोराने दाबणे टाळावे. दोन कपांच्या लाकडाच्या छटेत फरक असल्याची जी तक्रारही आपण केली आहे, तिच्याबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही. लाकूड तसेच असते, आणि ते न रुचणे हेही परत करण्याचे पुरेसे कारण आहे.

‘पातळ ध्वनी’ हा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. आपण चष्मा लावून ऐकता, असे आपणच लिहिले आहे. ओपन-बॅक हेडफोन मागून मोकळा असला, तरी पुढच्या बाजूला कानगादी आणि चेहरा यांच्यात फट राहता कामा नये. प्लेनर हेडफोनचा सपाट, खोलवर जाणारा खर्ज बऱ्याच अंशी या घट्टपणावर अवलंबून असतो. चष्म्याच्या दांड्यांनी कानशिलाजवळ फट ठेवली, तर सुमारे १०० हर्ट्झखालचा भाग काही डेसिबलने सहज ढासळतो. एकदा चष्मा काढून तेच गाणे ऐकल्यास फरक लगेच लक्षात येईल आणि तो आढळल्यास मऊ, जाड गाद्यांचा जोड आम्ही देऊ.

चष्मा बाजूला ठेवला तरी आपली आवड शिल्लक राहतेच, आणि ती चूक आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. हार्मन या ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ पासून केलेल्या चाचण्यांमध्ये बहुसंख्य श्रोत्यांनी खालच्या पट्ट्यात काही डेसिबलचा चढ असलेला ध्वनी पसंत केला; काहींना त्याहून अधिक खर्ज हवा होता, तर काहींना कमी. आपण घेतलेल्या हेडफोनमध्ये असा चढ नाही, आपल्या जुन्या हेडफोनमध्ये तो भरपूर आहे, आणि किंमत कितीही वाढवली तरी निर्मात्याने जो चढ ठेवलाच नाही तो उत्पन्न होणार नाही. इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीत) १०० हर्ट्झच्या खाली ४ ते ५ डेसिबलचा चढ देऊन पाहावे. चांगला प्लेनर ड्रायव्हर ही वाढ फारशी विकृती न आणता पेलतो. महागड्या हेडफोनला इक्वलायझर लावणे कमीपणाचे आहे, अशी एक समजूत या छंदात रुजली आहे. ती मला निरर्थक वाटते. तुलना करताना दोन्ही हेडफोनांच्या आवाजाची पातळी मात्र सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन जवळजवळ नेहमीच अधिक भरदार आणि अधिक चांगला भासतो.

आता किमतीच्या योग्यतेबद्दल. या बाबतीत मी आपल्याशी जितका सहमत आहे, तितके सहमत असणे विक्रेत्याला कदाचित शोभणार नाही. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली आणि विक्रीची किंमत व वारंवारतेचा आलेख यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ मध्ये आलेला हेडफोन स्वरसंतुलनाच्या बाबतीत आजही त्याच्या कित्येक पट महाग हेडफोनांना तोडीस तोड उतरतो. उलट त्याच कंपनीचा २००९ मधील एचडी ८०० हा ध्वनीच्या विस्तीर्णतेसाठी (ध्वनी डोक्याभोवती दूरवर पसरल्यासारखा वाटण्यासाठी) नावाजला गेला, परंतु ६ किलोहर्ट्झच्या आसपासच्या त्याच्या टोकदारपणामुळे अनेकांना तो सोसला नाही, आणि पुढे एचडी ८०० एसमध्ये तो टोकदारपणा शोषून घेणारी रचना बसवावी लागली. म्हणूनच ज्या ग्राहकाला केवळ संतुलित ध्वनी हवा आहे, त्याने या श्रेणीपर्यंत येण्याची गरज नाही, असे आम्ही दुकानात विचारणाऱ्यालाही सांगतो. या श्रेणीत जास्तीचे पैसे खोल खर्जातील कमी विकृतीसाठी, विशिष्ट प्रकारच्या विस्तीर्णतेसाठी, साहित्य व हातकामासाठी आणि सुटे भाग दीर्घकाळ मिळण्यासाठी मोजले जातात. त्यांपैकी काहीच आपल्या उपयोगाचे नसेल, तर हा हेडफोन आपल्यासाठी महाग आहे आणि तसे लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

गुणवत्ता नियंत्रणाचा मुद्दा मात्र मी किमतीच्या तराजूत घालणार नाही. ‘एवढे पैसे मोजल्यावर दोष असताच कामा नये’ हे आपले वाक्य अपेक्षा म्हणून रास्त आहे, परंतु महाग वस्तू आपोआप कमी बिघडते ही त्यामागची समजूत खरी नाही. मध्यम किमतीचा हेडफोन प्रचंड संख्येने तयार होतो, त्याचे साचे आणि यंत्रे स्थिरावलेली असतात, आणि स्वयंचलित चाचणीतून बाहेर पडणाऱ्या नगांत सातत्य राखणे तेथे सोपे जाते. उच्च श्रेणीतील फिल्म पुष्कळदा लहान तुकड्यांत, माणसाच्या हाताने ताणली जाते, आणि तेथे नगागणिक फरक पडण्याची शक्यता वाढते. या उणिवेची भरपाई निर्मात्याने प्रत्येक जोडीचे स्वतंत्र मोजमाप करून आणि विनातक्रार बदलून देऊन केली पाहिजे. ज्या निर्मात्यांना हे मान्य नाही, त्यांचा माल आम्ही ठेवत नाही. आमची स्वतःची मर्यादारेषाही येथे लिहून ठेवतो: कोणत्याही पातळीवर ऐकू येणारी खरखर, किंवा १०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सलगपणे दीड डेसिबलहून अधिक चॅनलफरक आढळल्यास नग सदोष धरला जातो. ८ ते १० किलोहर्ट्झच्या वरचा फरक आम्ही दोष धरत नाही, कारण गादी काही मिलिमीटर सरकली तरी तेथील मोजमाप अनेक डेसिबलने बदलते आणि त्यावरून ड्रायव्हरविषयी काहीही खात्रीने म्हणता येत नाही.

आपल्या नगात निर्मात्याकडून आलेला, जुळवून निवडलेला नवीन ड्रायव्हरसंच बसवला आहे. एकच ड्रायव्हर बदलला असता तर दोन बाजूंमध्ये नवा फरक निर्माण झाला असता. नव्या मोजमापाचे आलेख आणि विकृतीची नोंद आपल्या ईमेलवर पाठवली आहे. आपल्यासमोर दोन पर्याय खुले आहेत: दुरुस्त झालेला नग नव्या वॉरंटीसह स्वीकारावा, किंवा संपूर्ण रक्कम परत घ्यावी. दोन्हींत येण्याजाण्याचा खर्च आमचा राहील. तारे वाढवण्याची विनंती मी करत नाही. नॉबची चाचणी केल्यावर जो निष्कर्ष येईल तो, माझ्या बाजूचा असो वा नसो, डावीकडे सरकणाऱ्या आवाजाच्या मुद्द्याखाली आपण जोडावा, एवढीच विनंती आहे, कारण तीच अडचण असलेले इतर ग्राहक आपला अभिप्राय वाचून निर्दोष हेडफोन परत पाठवू लागले आहेत.