तुमचं जॅकेट बोलतंय

चार दिवस झाले, नाक अजून वाहतंय आणि त्याला कारण बाख, तो जुना जर्मन संगीतकार. म्हणजे बाख नाही, बाखच्या वेळी शेजारी बसलेल्या आजी. जर्मनीत डिसेंबरमध्ये गल्लोगल्ली त्याचा ख्रिसमस ओरॅटोरिओ (येशूजन्माचं सहा भागांचं गायन-वादनातलं आख्यान) असतो, ऑफिसातल्या एकाने त्याचं तिकीट माझ्या गळ्यात मारलं नि स्वतः सटकला. दगडी चर्च, लाकडी बाक, जागा खांबामागे. जाणती मंडळी घरून उशी नि पांघरूण घेऊन आलेली, मी आपला फुगीर नायलॉनचं जॅकेट घालून.

सुरुवातीला नगाऱ्याचे पाच ठोके, मग ट्रम्पेट, मग सगळा कोरस, त्यात जॅकेट कोणाला ऐकू येतंय. पण मग एकटा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, कीर्तनकारासारखं आख्यान लावतो ना, तिथे आजी वळल्या. ऐंशीच्या पुढच्या, मांडीवर नोटेशनचं पुस्तक, हातात पेन्सिल.

"तुमचं जॅकेट बोलतंय."

"मी हललोच नाही हो."

"श्वास घेतलात की बोलतं."

आता श्वास पण नाही घ्यायचा का? काढतो म्हणून चेनला हात घातला, चर्रर्र, पुढच्या तीन रांगा वळल्या. आजींनी माझं मनगट धरलं, पुस्तकाची पानं उलटली आणि पहिल्या भागाच्या शेवटच्या कोरालवर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक भजनावर, पेन्सिल टेकवली. "इथे."

ती चाल धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची, इथे शेंबडं पोरही गुणगुणतं, आणि बाखने प्रत्येक ओळीनंतर ट्रम्पेट-नगारे घातलेत. तर ओळ आली की आजी स्वतः गुणगुणणार (चांगलं ऐकू येईल असं, आणि त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही हां!), ट्रम्पेट आले की मला मान हलवून खूण करणार आणि मी चार बोटं चेन खाली ओढणार. असं हप्त्याहप्त्याने जॅकेट निघालं.

पुढचे दोन भाग स्वेटरवर. दुसऱ्या भागात येशूबाळाची अंगाई आहे, गोड आहे, पण मूळची ती बाखच्याच 1733 मधल्या, राजपुत्राच्या वाढदिवसाच्या रचनेतली, त्यात विलासदेवी हर्क्युलसला भुलवायला तीच गाते. सुरुवातीचे ते नगारेसुद्धा आधी राणीच्या वाढदिवसाला वाजलेले. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर आरती म्हटली की लोक नाकं मुरडतात. असो, मला त्या अंगाईत फक्त माझे दात ऐकू येत होते.

आणि मुळात हे सहा भाग बाखने 25 डिसेंबर 1734 ते 6 जानेवारी 1735 मध्ये सहा दिवसांवर वाटून दिले होते, दिवसाला एक, म्हणजे माणूस घरी जाऊन शेकोटीपाशी बसेल. एका बैठकीत तीन उरकायची अक्कल नंतरच्यांची, दीड तास!

संपल्यावर आजींनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली, अगदी प्रेमाने माझा हात दाबला. "उरलेले तीन जानेवारीत आहेत. लोकरीचा कोट घालून या."

कोट बघून आलो. एकशेनव्वद युरो.