आई-बाबा घरी किती वाजता पोचतात?

‘हल्लीच्या मुलांना एक शब्द बोललेला खपत नाही. आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काही बिघडलं का?’ नाशिकच्या आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद सतत पेटतो. थोरले काका म्हणतात धाक हवा, चुलत बहिणी म्हणतात मुलांना समजून घ्या. मग कुणीतरी मला विचारतं, तुमच्या स्वीडनमध्ये तर मुलांवर हात उगारायचीही चोरी ना?

हो. १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश. सरकारने तेव्हा मुलं असलेल्या घरांमध्ये पुस्तिका पाठवल्या, दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी खाताना मोठ्यांबरोबर मुलांच्याही नजरेस पडावी. मात्र ही बंदी फटक्यांपुरती नाही. मुलाचा पाणउतारा करणारी वागणूकही तिच्यात येते, आणि आपल्याकडच्या वादात नेमकं हेच राहून जातं. पाहुण्यांसमोर मार्कांची चौकशी, मावशीच्या मुलाशी तुलना, रंगावरून आणि जाडीवरून चेष्टा, रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा काय रडतोस?’ यातल्या एकातही हात उचललेला नसतो. पण मूल त्यातून एवढंच शिकतं की या माणसांना काही सांगायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेत मारही बंद केला आणि मानसिक छळही. घराला मात्र तो लागू नाही.

तरी इथे राहून माझं मत बनलंय ते धाक-लाडाबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. शाळेतून आल्यावर ‘आज काय झालं?’ विचारलं तर माझा मुलगा ‘काही नाही’ म्हणतो. तासाभराने मी कणीक मळत असताना, माझ्याकडे न बघता, तो मधल्या सुट्टीतलं भांडण सांगायला लागतो. तेव्हा घाईत नसलेलं मोठं माणूस शेजारी असावं लागतं. स्वीडनमध्ये ते असू शकतं, कारण प्रत्येक मुलामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची पालकत्वाची रजा मिळते, त्यातले ९०-९० दिवस एकमेकांना देता येत नाहीत, आणि मूल आठ वर्षांचं होईपर्यंत कामाचे तास पाव हिश्श्याने कमी करून मागण्याचा हक्क आहे. बालवाडीच्या दारात संध्याकाळी बाबा लोकांची गर्दी असते ती यामुळे.

स्वीडनची आरती ओवाळायची नाही. इथेही किशोरवयीन मुलांना मानसोपचारासाठी ताटकळावं लागतं, आणि मुलांच्या स्क्रीनला मर्यादा घाला असं सार्वजनिक आरोग्य विभागाला २०२४ मध्ये सांगावं लागलं. शिवाय माझ्या मुलाला रुसून जाऊन बसायला आजीची खोली नाही. ती उणीव कुठल्याच रजेने भरत नाही, आणि नाशिकला ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी ही गोष्ट जपावी असं मला मनापासून वाटतं.

पण ठाण्याहून लोकलने जाऊन रात्री साडेआठला परतणाऱ्या आईला ‘मुलांशी संवाद साधा’ हा सल्ला देणं अन्याय आहे. २०१७ मध्ये आपल्या मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून आईला २६ आठवड्यांची रजा आहे. खासगी नोकरीतल्या बाबांना कायद्याने एक दिवसही नाही. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ग्रुपवरच्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, आपापल्या ऑफिसात ते पाळणाघर कुठे आहे हे आधी विचारा, आणि बाबांच्या रजेची मागणी तुमच्यातल्या पुरुषांनी करा.