बॅटरी बसली म्हणजे ब्रेक गेले असं नाही

'12 व्होल्टची बॅटरी बसली की इलेक्ट्रॉनिक ब्रेक (पेडलचा इशारा विजेने ब्रेकपर्यंत नेणारे) संपले' असं एका लेखात म्हटलं आहे, ते बरोबर नाही. 2003 च्या प्रियस या हायब्रिड गाडीत टोयोटाने ब्रेकसाठी कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) वेगळं बॅकअप युनिट दिलं. मुख्य पुरवठा तुटला तरी त्यातला चार्ज ब्रेक कंट्रोलरला थोडा वेळ चालू ठेवतो. मर्सिडीजच्या एसबीसी या इलेक्ट्रॉनिक ब्रेक सिस्टिममध्ये वीज पूर्ण गेली की पेडलचा दाब थेट पुढच्या चाकांना मिळतो. पेडल खोल जातं, जोर बराच लावावा लागतो, पण गाडी थांबते.

खरी भीती दुरुस्तीच्या वेळची. एसबीसीत ब्रेक ऑइलचा दाब साठवलेला असतो आणि नुसतं दार उघडलं तरी सिस्टिम जागी होते. पॅड बदलण्याआधी ती स्कॅनरने बंद केलीच पाहिजे, नाहीतर पिस्टन बोटं चिरडेल.

आणि साध्या एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा) दिवा अधूनमधून लागत असेल तर कृपया लगेच तिचं कंट्रोल मॉड्यूल बदलू नका. पंप चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून मॉड्यूलच्या अर्थ पिनपर्यंत व्होल्टेज ड्रॉप मोजा. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा बोल्ट गंजलेला आहे का ते आधी बघा. लोड नसताना, म्हणजे पंप बंद असताना, अर्थ खराब असला तरी मॉड्यूलच्या पुरवठ्यावर मीटर 12 व्होल्ट दाखवतोच, तिथेच फसगत होते.