आधी डॉकिंग शिकवा, कन्सोल नंतर

रोबोटिक शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणावरच्या लेखात सुचवलंय, की अंबाजोगाई, नांदेडच्या निवासी सर्जनना थेट रोबोच्या कन्सोलवर, म्हणजे रोबोचे हात चालवायच्या जागी, बसवा. पण नवख्याचं घोडं अडतं ते त्याआधीच, डॉकिंगमध्ये, म्हणजे पोटात पोर्ट (उपकरणं आत सोडायच्या नळ्या) टाकून त्यांना रोबोचे हात जोडताना. ८ मिलिमीटरचे पोर्ट एकमेकांपासून साधारण ८ सेंटिमीटरवर हवेत, आणि खुणा पोट गॅसने फुगवल्यावरच करायच्या. आधी केल्या तर कातडी ताणली की अंतर बदलतं. अंतर कमी पडलं की पडद्यावर सगळं छान दिसतं, बाहेर मात्र रोबोचे हात एकमेकांवर आपटत राहतात. कॅन्युलावरची, म्हणजे पोर्टच्या नळीवरची, जाड काळी पट्टी पोटाच्या भिंतीतच बसली पाहिजे, कारण हात त्याच बिंदूभोवती फिरतो. ती वर राहिली तर दर हालचालीला भोक रुंदावतं, गॅस गळतो.

बहुतेक यंत्रांत ओढ हाताला कळत नाही, म्हणून ३-० जाडीचा टाक्यांचा धागाही तटकन तुटतो. ताण डोळ्यांनीच ओळखायचा: टाक्याभोवतीची ऊती पांढरी पडली की थांबायचं. ही सवय प्लास्टिकचा डबा, वेबकॅम आणि जुन्या लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या) उपकरणांवरही लागते, त्याला कोटींचं यंत्र लागत नाही.

टेबलाजवळच्या सहायकाचा तर लेखात उल्लेखच नाही! रक्तस्राव झाला तर पकड सोडवणं, उपकरणं काढणं, हात बाजूला करणं, पोट उघडणं, हे त्यालाच करायचंय. पकडीत ऊती असताना उपकरण ओढलं तर ती फाटते. याची तालीम घड्याळ लावून, नर्ससकट, दर महिन्याला घ्या.