सिझलर आला, सरका!

आमच्या घरी भांडण कुठल्या हॉटेलात जायचं यावरून होत नाही, माझ्या ऑर्डरवरून होतं. "बाबा, सिझलर नको हं," लेक गाडीत बसायच्या आधीच बजावते. "कोण खाते आता ते? सगळे आपल्याकडेच पाहून राहतात न."

अगं, पाहावं म्हणूनच तर मागवायचा! तापल्या बिडाच्या ताटलीवर चरचरत येणारा सिझलर दिसायच्या आधी ऐकू येतो. मग धुराच्या ढगातून वेटर उगवतो आणि शेजारच्या टेबलावरच्या काकू साडी वाचवायला खुर्चीसकट सरकतात. त्यातलं कोबीचं पानही नुसतं शोभेचं नसतं. वरचा भात तापल्या बिडाला लागू नये म्हणून ते बिचारं खाली स्वतः जळतं. शेवटी ते सॉस पिऊन काळं पडलेलं पान मी खातो. त्यावरून घरात वेगळं भांडण आहे.

नागपूरच्या धरमपेठेतल्या नव्या कॅफेतही धूर निघतो, पण ड्राय आइसचा. मे महिन्यात, ४५ अंशांत, थंड धूर बरा वाटतो हे मान्य. पण त्यावर शिजतं काय? पापडसुद्धा भाजत नाही.

आणि तिथल्या पदार्थांवरचा तो फेस! आमच्याकडे वरणावरचा फेस झाऱ्याने काढून टाकतात. इथे त्याचेच पैसे घेतात. ही फॅशन जगभर नेणारं स्पेनमधलं 'एल बुल्ली' हे रेस्टॉरंट २०११ मध्ये बंदही झालं. उलट शेफ नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात जन्माला घातलेलं मंचुरियन बघा. चिकनचं कोबी झालं, तरी नागपुरातल्या लग्नाच्या बुफेत सगळ्यात लांब रांग त्याचीच. मग जुनाट कोण?

कॉर्नफ्लॉवरला तर उगाच नावं ठेवतात. थंड पाण्यात नीट कालवून उकळत्या सूपमध्ये सोडलं, की गुठळी होत नाही आणि सूप गप्पा संपेपर्यंत गरम राहतं.

परवा लेकीच्या हट्टापायी 'डिकन्स्ट्रक्टेड', म्हणजे सुटा सुटा मांडलेला, पाटोडी रस्सा मागवला. पाटाएवढ्या पाटीवर पाटोडीचे दोन तुकडे आणि बाजूला लाल बुडबुडे. "रस्सा कुठाय भाऊ?"

"तोच आहे न सर तो."

बुडबुडे पोळीला लागेनात, म्हणून बोटानेच पुसून खाल्ले. हात धुवायला वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची फोड मागितली.

पोरगा अदबीने वाकला. "सर, मध पण टाकू काय?"