विवेकबुद्धी चुकते तेव्हा: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

विवेकबुद्धीवरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: सदसद्विवेकबुद्धीचे ऐकलेच पाहिजे असे कॅथॉलिक ख्रिस्तसभा (चर्च) सांगते आणि लगेच ती बुद्धी सभेच्या शिकवणुकीने घडवून घ्या असेही बजावते, म्हणजे दिलेले स्वातंत्र्य ती परत काढून घेते. शिवाय चुकलेल्या विवेकबुद्धीचेही ऐकायचे असेल, तर मनाला टोचणी न लागणारा कोणताही क्रूरकर्मा निर्दोष ठरेल. दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. गंमत एवढीच, की पहिल्यात सभा दोर फार आवळते अशी तक्रार आहे आणि दुसऱ्यात ती फार सैल सोडते अशी.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्याच्या मुळाशी शब्दाचा घोटाळा आहे. 'माझे मन मला खात नाही' या अर्थाने आपण विवेकबुद्धी हा शब्द वापरला आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तिला भावना मानले नाही. हाती असलेल्या विशिष्ट कृतीबद्दल बुद्धीने दिलेला निवाडा म्हणजे विवेकबुद्धी, असे त्यांनी मांडले. समजा, न झालेल्या तपासणीचा अहवाल सहीसाठी समोर आला आहे आणि वरिष्ठ दारात उभे आहेत. 'सगळेच करतात, जाऊ दे' ही मनाची पळवाट झाली. 'ही तपासणी झालेली नाही आणि माझी सही ती झाली असे सांगणार आहे' हा निवाडा झाला. दहाव्या वेळी सही करताना हात अडखळत नाही, तेव्हा निवाडा बदललेला नसतो. तो ऐकू येणे बंद झालेले असते.

अक्वायनस याच्याही पुढे जातात. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे वाईट आहे असे एखाद्याची बुद्धी चुकून सांगत असेल आणि तरीही त्याने ती ठेवली, तर त्याची इच्छा दूषित ठरते, असे ते स्वच्छ लिहितात. एका धर्मपंडिताने हे उदाहरण निवडावे, याचे मला आजही नवल वाटते. मात्र त्याला जोडूनच ते विचारतात की अशी चूक माणसाला दोषमुक्त करते का; आणि जे जाणून घेणे त्याचे कर्तव्यच होते त्याबद्दलचे अज्ञान दोषमुक्त करत नाही, असे उत्तर देतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्येही, म्हणजे सभेच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथातही, हेच आहे: सत्य शोधण्याची फिकीर न केल्याने किंवा पापाच्या सवयीने जिची दृष्टी गेली, त्या विवेकबुद्धीच्या चुकीला माणूस स्वतः जबाबदार असतो. आपला क्रूरकर्मा म्हणूनच सुटत नाही. त्याचा दोष कृत्याच्या क्षणी शोधून सापडला नाही, तर त्याआधीच्या वर्षांत शोधावा लागतो.

आता पहिला, म्हणजे घडणीचा मुद्दा. घडवणे म्हणजे आज्ञाधारक बनवणे, असे आपण गृहीत धरले आहे. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर बायबल, संतचरित्रे आणि सभेची शिकवण वाचून घडला होता. हिटलरच्या सैन्यात लढणे पाप आहे, या निष्कर्षाला तो पोहोचला. पत्नी आणि तीन लहान मुली यांचा विचार कर, असे लिंझच्या बिशपांनी त्याला समजावले. युद्धाच्या न्याय्यतेचा निवाडा करणे त्याच्यासारख्याचे काम नाही, असेही सुचवले. त्याने ऐकून घेतले आणि १९४३च्या मार्चमध्ये शस्त्र घेण्यास नकार दिला. रुग्णसेवक म्हणून काम करायची तयारी मात्र दाखवली. ती कोणी स्वीकारली नाही. बेड्यांत जखडलेल्या हातांनी लिहितो आहे, पण इच्छाशक्ती बेड्यांत असण्यापेक्षा हे बरे, असे त्याने तुरुंगात लिहून ठेवले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली सभेने त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेही त्याच लिंझमध्ये. बिशपांना नकार देण्याचे बळ त्याला सभेच्याच शिकवणुकीतून मिळाले होते, हे आपल्या मांडणीत कुठे बसते?

तरीही एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. ही शिकवण अखंड आणि एकसुरात चालत आली आहे, असा माझ्या लेखाचा सूर होता आणि तो चुकीचा होता. सर्वांना विवेकस्वातंत्र्य असावे या मताला पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३२ साली भ्रम ठरवले होते. धर्माच्या बाबतीत कोणावरही त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध सक्ती होऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ साली जाहीर केले. दोन्ही दस्तऐवजांचे संदर्भ वेगळे होते हे खरे, परंतु तेवढ्याने अंतर मिटते असे मला वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनाही २०१६ साली लिहावे लागले की आपले काम विवेकबुद्धी घडवण्याचे आहे, तिची जागा घेण्याचे नव्हे. असे बजावावे लागते, याचा अर्थ ती जागा घेतली जात होती. १८३२चा उल्लेख मूळ लेखात नव्हता. तो आज तिसऱ्या परिच्छेदात घातला आहे.