खर्चाची वही ठेवली म्हणून मार्क वाढत नाहीत

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा गाभा असा: हायस्कूलमधली जी मुलं महिन्याचं बजेट आखतात आणि रोजचा खर्च लिहून ठेवतात त्यांना इतरांपेक्षा जास्त मार्क मिळतात, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. पैशाची शिस्त लागली की अभ्यासाची शिस्त आपोआप लागते. ज्याला पॉकेटमनी पुरवता येत नाही तो अभ्यासातही मागेच राहणार. म्हणून आजच मुलाच्या हातात खर्चाची वही द्या आणि हिशेब लिहिला नाही तर पॉकेटमनी बंद करा.

मुलांनी पैशाचा हिशेब ठेवायला शिकावं हे मला मनापासून पटतं. आक्षेप आहे तो या कौशल्याला मार्कांचं आमिष लावण्यावर. त्या मजकुरातलं एकेक विधान तपासलं तर काही अर्धवट निघतात, काही उलट्या बाजूने वाचलेली, आणि एक तर सरळ अन्याय करणारं आहे.

‘संशोधनाने सिद्ध झालं आहे’ इथून सुरुवात करू. या विषयावर बरेचदा होणाऱ्या पाहणीचा साचा ठरलेला असतो. एखाद्या शाळेतल्या मुलांना प्रश्नावली देतात: तुम्ही खर्चाचं नियोजन करता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मग त्या उत्तरांशेजारी मार्क मांडतात आणि सहसंबंध काढतात, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते सांगणारा आकडा (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जोडी). इथे ‘नेहमी’वर खूण करणारा मुलगा खरोखर वही लिहितो का, हे कुणी पाहिलेलं नसतं. मिळालेला सहसंबंध ०.३ इतका असेल तर मार्कांमधल्या फरकाचा फक्त ९ टक्के भाग (०.३ चा वर्ग, ०.०९) त्यातून समजतो. उरलेल्या ९१ टक्क्यांचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. आणि एवढं करूनही, बजेटमुळे मार्क वाढले, की अभ्यासू मुलंच बजेटही करतात, की दोन्हींच्या मुळाशी तिसरंच काही आहे, हे अशी पाहणी सांगूच शकत नाही.

संबंध मुळात नाहीच असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००५ साली अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात मुलांचा आत्मसंयम अनेक मार्गांनी मोजला: मुलांची स्वतःची उत्तरं, पालकांचं मत, शिक्षकांचं मत, आणि शिवाय पैशाची एक परीक्षा. आत्ता १ डॉलर ठेवून घे, किंवा परत कर आणि आठवड्याने २ डॉलर घे. या सगळ्यांतून मिळून आलेल्या आत्मसंयमाच्या मापावरून वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यंकापेक्षाही चांगला बांधता आला. फिरणाऱ्या मजकुराला आधार हवा असेल तर तो इथे सापडतो. पण नीट वाचा. या मुलांना कुणी बजेट शिकवलं नव्हतं. पैशाबाबतचा धीर हे त्यांच्या आत्मसंयमाचं एक लक्षण होतं, जसं वेळेवर गृहपाठ करणं हे दुसरं. एक लक्षण बाहेरून चिकटवल्याने दुसरं उगवेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बाण उलट दिशेनेही जातो. जगभरच्या १५ वर्षांच्या मुलांची पिसा चाचणी घेतली जाते, तिच्यात २०१२ मध्ये पहिल्यांदा आर्थिक साक्षरता मोजली गेली. तिचा गणिताशी सहसंबंध ०.८३ आणि वाचनाशी ०.७९ आला. म्हणजे ज्याला गणित येतं आणि वाचलेलं समजतं, त्याला पैशाचे प्रश्नही बहुतेक सुटतात. ही चाचणी ज्ञान मोजते, सवय नाही, हे खरं. तरीही ‘आधी पैशाची समज, मग अभ्यास’ हा क्रम तितकाच सहज उलटा असू शकतो, एवढं तिच्यावरून दिसतं.

आता दुसरं विधान, ‘अभ्यासाची शिस्त आपोआप लागते’. ही कल्पना फार जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी हेच लॅटिन आणि भूमिती या विषयांबद्दल बोललं जायचं: हे कठीण विषय शिकले की मनाला वळण लागतं आणि ते वळण सगळीकडे उपयोगी पडतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९०१ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ यांच्यासोबत हे तपासलं. एका प्रकारच्या आकृत्यांचं क्षेत्रफळ नजरेने अंदाजण्याचा सराव केलेल्या लोकांना वेगळ्या आकाराच्या आकृत्यांत त्या सरावाचा फारच थोडा उपयोग झाला. १९२४ मध्ये तर त्यांनी हायस्कूलच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची वर्षभरातली प्रगती पाहिली. कुठला विषय घेतला याने फारसा फरक पडला नव्हता. जी मुलं मुळात पुढे होती तीच आणखी पुढे गेली होती. लॅटिनची मुलं हुशार दिसत, कारण हुशार मुलं लॅटिन घेत. आज लॅटिनच्या जागी खर्चाची वही आली आहे, तर्क तोच.

कौशल्य एका कामातून दुसऱ्या कामात जातं, पण दोन्ही कामांत काही सामाईक असावं लागतं. रोज खर्च लिहिणाऱ्या मुलीला बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधणं सोपं जाईल. रसायनशास्त्रातली समीकरणं किंवा इतिहासाचा पेपर त्याने सोपा का व्हावा? अभ्यासाच्या कोणत्या पद्धती खरोखर उपयोगी ठरतात, याचा मोठा आढावा जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतला. दहा पद्धती तपासल्यावर दोनच सर्वांत वर राहिल्या: पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं, आणि एकाच दिवशी रट्टा मारण्याऐवजी उजळणी दिवसांच्या अंतराने वाटून करणं. मार्कांसाठीच धडपड असेल तर पालकांनी रोजची दहा मिनिटं तिथे द्यावीत.

या दाव्याच्या बाजूचा मला माहीत असलेला सर्वांत भक्कम पुरावा ब्राझीलचा आहे, आणि तो बाजूला ठेवणं अप्रामाणिक ठरेल. तिथे २०१०-११ मध्ये सहा राज्यांतली ८९२ हायस्कूल आणि सुमारे २५,००० विद्यार्थी घेऊन प्रयोग झाला. कोणत्या शाळांत अर्थशिक्षण द्यायचं हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवलं होतं, त्यामुळे कार्यकारणभावाबद्दल तो बोलू शकतो. मुलांचं आर्थिक ज्ञान वाढलं, बचत आणि नियोजन वाढलं, आणि हो, वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांचं प्रमाणही वाढलं. पण तिथे मुलांना दिलेली गोष्ट म्हणजे घरी भरायची वही नव्हती. तो अनेक महिने चाललेला अभ्यासक्रम होता, गणित, विज्ञान, भाषा या नेहमीच्या तासांत विणलेला. त्यासाठी वेगळी पुस्तकं होती, शिक्षकांना प्रशिक्षण होतं. मुलं खऱ्या आयुष्यातले प्रश्न घेऊन वाचत होती, आकडेमोड करत होती. त्यातून शाळेतली कामगिरी थोडी सुधारली तर मला आश्चर्य वाटत नाही, आनंदच वाटतो. मात्र त्याचं श्रेय वहीला देता येत नाही. आणि त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: शिकलेल्या मुलांमध्ये महागडं कर्ज काढून खरेदी करण्याचं आणि हप्ते थकवण्याचं प्रमाणही वाढलं. फिरणारा मजकूर लिहिणाऱ्यांनी हा अभ्यास वाचला असता तर ‘आपोआप’ हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला नसता.

तिसरं विधान मला सर्वांत जास्त लागतं: ‘ज्याला पॉकेटमनी पुरवता येत नाही तो मागेच राहणार.’

बजेट आखायला हाती येणारी रक्कम आधी माहीत असावी लागते. ज्या घरात ठरलेल्या दिवशी ठरलेले पैसे येतात, तिथल्या मुलाला ती माहीत असते. ज्या घरात कमाईच अनियमित आहे, तिथलं मूल कशाचं नियोजन करणार? त्याच्या हातातले पैसे कधीकधी घरखर्चालाच लागतात, आणि तो खर्च उधळपट्टीच्या रकान्यात बसत नाही. पहिल्या मुलाच्या वाट्याला वहीबरोबरच स्वतंत्र टेबल, शांत खोली, शिकवणी आणि पुरेशी झोपही आलेली असते. मार्क या सगळ्याचे असतात आणि नाव बजेटचं होतं.

मार्शमॅलो प्रयोगाचं हेच झालं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर मार्शमॅलोसारखा गोड खाऊ ठेवून थांबायला लावलं: लगेच खाल्ला तर थोडा, थांबलं तर जास्त. जी जास्त वेळ थांबली त्यांना पुढे प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळाले, असं १९९० च्या पाठपुराव्यात आढळलं, आणि ‘संयम शिकवा, मूल यशस्वी होईल’ हे जगभर पसरलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा वयाच्या १५ व्या वर्षीच्या शैक्षणिक कामगिरीशी असलेला संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून पडला.

पैशाची ओढाताण लक्षावर काय परिणाम करते, यावर तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा २०१३ मधला अभ्यास आहे. त्याच शेतकऱ्याची कामगिरी विचारशक्तीच्या चाचण्यांत पीक निघण्याआधी, हात तंग असताना, कमी होती आणि नंतर, पैसे आल्यावर, सुधारली. ही प्रौढ माणसं होती आणि त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले, त्यामुळे ते जसेच्या तसे शाळकरी मुलांना लावता येणार नाहीत. पण घरात पैशाची चिंता असलेल्या मुलाला ‘तुझं नियोजन चुकतं म्हणून तू मागे आहेस’ असं सांगण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

‘हिशेब नाही तर पैसे बंद’ याबद्दल फार लिहायची गरज नाही. शिक्षेच्या भीतीने भरलेल्या वहीत मूल तुम्हाला आवडतील असेच आकडे लिहील.

मग वही द्यायचीच नाही का? जरूर द्या. पैशाचं शिक्षण पैशाच्या वागण्यात फरक घडवतं, असं यादृच्छिक प्रयोगांच्या अलीकडच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे; २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ७६ प्रयोग आणि १,६०,००० हून अधिक लोक होते. त्याआधी २०१४ मधल्या, २०१ अभ्यासांच्या विश्लेषणात मात्र हा परिणाम नगण्य आला होता, आणि शिकलेलं काळाबरोबर पुसट होत जातं असंही आढळलं होतं. त्यामुळे एकदा शिकवून सोडून न देता, मुलाला खरोखर काही घ्यायचं असेल, किंवा सहलीसाठी पैसे जमवायचे असतील, तेव्हा त्याच्यासोबत बसून आखणी करावी. चुकीची खरेदी झाली तर ती त्याची त्याला निस्तरू द्यावी. आणि निकालाच्या दिवशी ती वही काढून मार्कांशेजारी ठेवू नये. मार्क कमी आले असतील तर कोणता धडा समजला नाही हे विचारावं. त्याचं उत्तर खर्चाच्या वहीत मिळणार नाही.